एक ‘लाइन’, अर्थ अनेक

नागपूर शहरात ‘लाइन’ या शब्दाला तोटा नाही. विधानभवन, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि बड्या अधिकाऱ्यांचे बंगले ज्या भागात आहेत तो सिव्हिल लाइन्स. काटोल रस्त्याच्या बाजूची वस्ती पोलीस लाइन टाकळी. झीरो माइलवरून धावते ती मेट्रोची ऑरेंज लाइन आणि सीताबर्डीला तिला छेदून जाते ती ॲक्वा लाइन. नागभीडकडे जाणारी ‘छोटी लाइन’ रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तरी जुन्या माणसांच्या बोलण्यातून ती गेलेली नाही. उन्हाळ्याच्या भर दुपारी कूलर थांबला की घरोघरी एकच उद्गार उमटतो, ‘लाइन गेली!’ बिल भरायला जावे तर खिडकीपुढे लाइन असते, आणि लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे?’ अशी चौकशी होते.

शाळेच्या पुस्तकात या शब्दाचा अर्थ एवढाच दिलेला असतो की लाइन म्हणजे रेषा किंवा ओळ. पण वरच्या यादीत कागदावरची रेषा कोठेच नाही. तेथे वस्ती आहे, रूळ आहेत, वीज आहे, रांग आहे आणि पोटापाण्याचा धंदाही आहे. इंग्रजीच्या मोठ्या कोशांत या चार अक्षरी शब्दाच्या अर्थांची यादी कित्येक रकाने व्यापते, हे खरे. तथापि त्यांतील काही अर्थ आपल्याकडे आले, काही आलेच नाहीत आणि काही तर याच मातीत उगवले. इंग्रज मनुष्य विजेच्या तारेला लाइन म्हणेल, पण खुद्द विजेला लाइन म्हणणार नाही. ते वैदर्भीय मराठीने आणि शेजारच्या हिंदीने केले. पुण्यात ‘लाइट जातात’, नागपुरात ‘लाइन जाते’. अंधार दोन्हीकडे सारखाच.

वस्तीची लाइन

सिव्हिल लाइन्समधली लाइन मूळची लष्करी आहे. छावणीत तंबू किंवा शिपायांच्या झोपड्या रांगेने उभारल्या जात. या रांगांना इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणत आणि पुढे संपूर्ण छावणीलाच ते नाव पडले. शिपायांच्या त्या सिपॉय लाइन्स. मग जे अधिकारी लष्करी नव्हते, मुलकी कारभार पाहत होते, त्यांच्या बंगल्यांचा भाग ‘सिव्हिल लाइन्स’ झाला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, पाठोपाठ नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले आणि १८६१ मध्ये नागपूर हे नव्या मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण ठरले. राजधानी आली, तसे अधिकारी आले आणि त्यांच्यासाठी जुन्या महालाच्या दाट वस्तीपासून दूर, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे मोकळे बंगले आले. उत्तर हिंदुस्थानात दिल्ली, अलाहाबाद, कानपूर येथे सिव्हिल लाइन्स आहेत. पुण्यात मात्र त्या जागी ‘कॅम्प’ आहे. नावाचा हा फरक नागपूरची प्रशासकीय नाळ कोठे जुळलेली होती ते सांगून जातो.

टाकळीची गोष्टही छावणीचीच. तेथे कंपनीच्या घोडदळाचा तळ होता आणि जून १८५७ मध्ये त्या घोडदळात उठावाची तयारी झाली होती; ती फसली. पुढे पोलिसांच्या निवासांमुळे ‘पोलीस लाइन’ हे नाव रूढ झाले. गंमत अशी, की सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ टिकून राहिला आणि पोलीस लाइनचा गळून पडला. बंगल्यांनी इंग्रजी व्याकरण जपले, चाळींनी मराठीचे पत्करले.

मुंबईकरांनाही ही गोष्ट लागू आहे. मरीन लाइन्स हे स्थानक पश्चिम रेल्वेच्या लाइनवर असल्याने ते नाव रुळांवरून पडले असावे अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते मरीन बटालियन या पलटणीच्या लाइन्सवरून, म्हणजे छावणीवरून आले. तेथे लाइन शब्दाचे दोन अर्थ रोज एकमेकांवरून जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

जवसाचा धागा

इतके अर्थ एका शब्दात शिरले कसे? त्याचे उत्तर विदर्भातील शेतकऱ्याच्या रानात सापडते. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणतात. जवसाच्या खोडापासून धागा निघतो, त्या धाग्याला, दोरीला लॅटिनमध्ये ‘लिनिआ’ हे नाव होते. त्यापासून इंग्रजी ‘लाइन’ आला. काही वाटा जुन्या जर्मानिक बोलींतून, काही फ्रेंचमधून. जवसाच्या धाग्याचे कापड ते ‘लिनन’. कोटाला आतून लिननचे कापड लावत, म्हणून अस्तर लावणे म्हणजे ‘लायनिंग’. जवसाच्या तेलापासून बनवलेले जमिनीवरचे आच्छादन ते ‘लिनोलियम’. वनस्पतिशास्त्रात जवसाचे नाव आजही ‘लिनम युसिटाटिसिमम’ असे आहे आणि त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे ‘अत्यंत उपयोगी’.

विदर्भात जवस हे रब्बीचे जुने पीक. युरोपात ते धाग्यासाठी वाढवले गेले, आपल्याकडे बियांसाठी, तेलासाठी. जवसाची चटणी ठाऊक नसलेले वैदर्भीय घर विरळा. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन होत आले असून ‘एनएल-९७’ हा वाण तेथलाच. या नावातील ‘एल’ ज्या इंग्रजी ‘लिनसीड’चे आद्याक्षर आहे तो शब्द आणि ‘लाइन’ ही सख्खी भावंडे आहेत. ताटातल्या चटणीचे आणि खिडकीपुढच्या रांगेचे असे नाते निघेल, याची कल्पना सहसा कोणी करत नाही.

मूळ अर्थ ताणलेला धागा हा एकदा ध्यानात आला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. धागा ताणला की सरळ रेषा मिळते, म्हणून रेघ. रेषेवर माणसे उभी केली की रांग, तंबू उभे केले की छावणी, अक्षरे मांडली की ओळ. धागा दोन ठिकाणे जोडतो. म्हणून टेलिफोनची, विजेची आणि आगगाडीची लाइन. धागा एका पिढीला दुसऱ्या पिढीशी जोडतो, म्हणून वंश. आणि धागा दोन जागा वेगळ्याही करतो, म्हणून सीमा.

संस्कृतातही अगदी हेच घडले आहे. ‘सूत्र’ म्हणजे सूत, धागा. त्यावरून मोजमापाची दोरी, त्यावरून नियम, त्यावरून गणितातले सूत्र आणि कथेतलेही. पाणिनीच्या व्याकरणातील सूत्रे आणि इंग्रजांची ‘लाइन’ यांचा जन्म वेगवेगळ्या घरांत झाला, पण दोघांचे बाळपण सुताच्या गुंडीपाशीच गेले. आपल्या गवंड्यांनी तर कोशकारांवर ताण केली आहे. भिंत सरळ यावी म्हणून जी दोरी ताणतात तिला ते ‘लाइनदोरी’ म्हणतात. लाइन म्हणजेही दोरी आणि दोरी म्हणजेही दोरी. पंडित याला द्विरुक्तीचा दोष म्हणतील. पण शब्दाचा दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ ओळंब्याशेजारी सुखरूप राहिला आहे, एवढे मान्य करावे लागेल.

‘लाइन क्लिअर’ म्हणजे काय?

अर्थांची ही गर्दी एरवी गमतीची वाटते. दोन व्यवसायांत मात्र ती जिवाशी येऊ शकते.

आगगाडी नागपुरात १८६७ मध्ये पोहोचली. आज मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही महामार्गिका येथे एकत्र येतात. रेल्वेच्या भाषेत एका स्थानकाने मागच्या स्थानकाला ‘लाइन क्लिअर’ दिली, तर तिचा अर्थ ठरलेला आहे: मधला मार्ग मोकळा असून मागच्या स्थानकाने गाडी सोडावी, ती पुढच्या स्थानकाकडे येऊ द्यावी. म्हणजे रुळांवर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लाइन क्लिअर ही धोक्याची वर्दी आहे. गाडी येणार, बाजूला व्हा.

वीज खात्यातही ‘लाइन क्लिअर’ आहे. देशातील अनेक वीज कंपन्यांत हा शब्द रूढ असून महाराष्ट्रात त्यासाठी ‘परमिट’ हा शब्द अधिक चालतो. येथे लाइन क्लिअर म्हणजे उपकेंद्रातून प्रवाह तोडला आहे, तारा जमिनीशी जोडून निर्धोक केल्या आहेत आणि आता माणसाने खांबावर चढावे. रेल्वेत ‘लाइन क्लिअर’ ऐकून माणसाने लाइनपासून दूर व्हायचे; वीज खात्यात तेच दोन शब्द ऐकून त्याने लाइनला हात घालायचा. शब्द तेच, आज्ञा नेमकी उलटी.

जेथे ही दोन खाती एकाच जागी भेटतात तेथे काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. रेल्वेच्या रुळांवरून जाणाऱ्या तारांत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. त्या तारांची दुरुस्ती करताना रेल्वेचे कर्मचारी ‘लाइन क्लिअर’वर भिस्त ठेवत नाहीत. गाड्या थांबवण्यासाठी ‘ट्रॅफिक ब्लॉक’, प्रवाह थांबवण्यासाठी ‘पॉवर ब्लॉक’ आणि त्यानंतर काम सुरू करण्याचे लेखी ‘परमिट’ असे तीन निरनिराळे शब्द तेथे वापरात आहेत. ते मराठी नाहीत हे खरे. पण त्यांच्यात घोटाळा नाही, आणि त्या जागी तेवढेच महत्त्वाचे आहे.

गावातल्या खांबावर परिस्थिती इतकी आखीव नसते. ‘लाइन बंद आहे का?’ या प्रश्नाला कोणी फोनवर ‘हो, बंद आहे’ म्हणते. पण कोणती लाइन? उच्च दाबाची की लघुदाबाची? या फीडरची की शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या फीडरची? लोडशेडिंगमुळे बंद आहे की मुद्दाम बंद केली आहे? पहिल्या प्रकारात ती घड्याळाच्या काट्यावर पुन्हा सुरू होणार असते. शिवाय एखाद्या घरचे किंवा दुकानाचे जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेले असेल, तर बंद केलेल्या तारेत उलट्या बाजूने प्रवाह येतो. म्हणूनच काम चालू असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडण्याचा नियम आहे. ‘लाइन गेली’ असे घरात म्हटले तर अर्थ एवढाच की दिवा लागत नाही. खांबावरच्या माणसासाठी ती गेलेली नसते. प्रवाह तोडल्याची खात्री करून तार जमिनीला बांधली जाईपर्यंत ती आहेच, असे त्याने धरायचे असते. या कामगारांच्या सन्मानार्थ ४ मार्च हा दिवस ‘लाइनमन दिवस’ म्हणून पाळला जातो. महावितरणने त्यांना ‘जनमित्र’ हे नाव दिले आहे. नाव गोड आहे, पण रात्री तार तुटली की लोक शोधतात तो लाइनमनच.

कागदावरच्या रेषा

लाइनचा जो अर्थ शाळेत शिकवतात, तो रेषेचा, तोही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अमेरिकन यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. तिचे नाव ‘डेडलाइन’. पुढे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देण्याच्या अखेरच्या वेळेला हाच शब्द लावला गेला. मराठीत त्याला ‘अंतिम मुदत’ म्हणतात. त्यात गोळीचा वास राहिलेला नाही, हे बरेच झाले.

महाराष्ट्रात अशा रेषा कमी नाहीत. ‘दारिद्र्यरेषा’ घ्या. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये उष्मांकांच्या आधारे देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने २००४-०५ सालासाठी देशपातळीवर दरमहा दरडोई खर्चाची रेषा ग्रामीण भागात सुमारे ४४७ रुपये आणि शहरी भागात सुमारे ५७९ रुपये धरली. अर्थशास्त्रज्ञांसाठी ती मोजपट्टी आहे. शिधावाटप दुकानापुढे उभ्या असलेल्या बाईसाठी ती भिंत आहे. रेषेच्या दोन रुपये वरचे आणि दोन रुपये खालचे घर यांत वस्तुतः काहीही फरक नसतो. हिशेबात मात्र एक गरीब ठरते, दुसरे ठरत नाही.

दुसरी रेषा पुराची. नदीकाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांमधले क्षेत्र निषिद्ध, निळ्या-लाल रेषांमधले नियंत्रित. या ‘१०० वर्षांतून एकदा’चा अर्थ पुष्कळ लोक असा घेतात की काल पूर आला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. हिशेब तसा नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता. ती पुढच्या वर्षीही तेवढीच उरते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांतील घराघरांत शिरले. नागपुरात वस्तीलाच ‘लेआऊट’ म्हणतात. कागदावर भूखंडांच्या रेषा आखल्या की वस्ती झाली, असा त्या नावाचा सरळ अर्थ. पाण्याने त्या रेषा पाहिल्या नाहीत. त्यानंतर शहरभर ‘पूररेषा’ या शब्दाची चर्चा झाली. ज्यांना तोवर लाइन म्हणजे मेट्रो किंवा वीज एवढेच ठाऊक होते, त्यांना आपल्या घराच्या उंबऱ्याशी नकाशावरची कोणती रेषा जाते हे विचारावे लागले.

एक शब्द, एक प्रतिशब्द?

इंग्रजी शब्दांना भारतीय प्रतिशब्द देण्याचा देशातला एक फार मोठा उद्योग नागपुरातच झाला, ही गोष्ट आता फारशी कोणाला आठवत नाही. डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था फाळणीच्या सुमारास लाहोरहून नागपूरला आणली. मध्य प्रांताच्या सरकारला कारभार हिंदी आणि मराठीत न्यायचा होता आणि त्यासाठी शब्द हवे होते. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या मेळातून हवे तितके शब्द घडवता येतात, हे रघुवीरांचे सूत्र. संसद, विधि, अभियंता या घराण्यातल्या शब्दांना रुळवण्यात त्या काळच्या अशा कोशांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावावर विनोदाने खपवलेले आगगाडीसाठीचे लांबलचक शब्द त्यांचेच होते असे नव्हे; थट्टा मात्र त्यांच्या वाट्याला पुरेपूर आली.

पद्धत तर्कशुद्ध होती. अडचण अशी, की ती एका इंग्रजी शब्दासमोर एक भारतीय शब्द ठेवू पाहते, आणि ‘लाइन’सारखा शब्द तेथेच हुलकावणी देतो. लाइन म्हणजे ‘रेषा’ असे ठरवले तर लाइनमन हा चित्रकार ठरेल. ‘पंक्ती’ म्हटले तर मुंबईची वेस्टर्न लाइन जेवायला बसेल. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि विषयवार परिभाषा कोश काढले. अर्थशास्त्राचा कोश वेगळा, स्थापत्याचा वेगळा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. त्यामुळेच आज नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा, पारेषण वाहिनी, मेट्रोची मार्गिका असे निरनिराळे शब्द हाताशी आहेत. ‘उच्चदाब वाहिनी’ हा शब्द ‘हाय टेन्शन लाइन’पेक्षा उणा नाही, चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५२ किलोमीटर वीज नेणारी ती ‘वाहिनी’ म्हटली की तिचे काम लगेच कळते. क्रिकेटमध्ये ‘लाइन अँड लेंथ’साठी ‘दिशा आणि टप्पा’ हा जोडशब्द तर मुळाहून सरस आहे. चेंडूची दिशा असते, टप्पा असतो, लाइन कसली?

परंतु सगळीकडे प्रतिशब्दाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ‘ऑनलाइन’ला कोणी पर्याय सुचवला तरी तो कचेरीच्या पाटीपलीकडे जात नाही. वास्तविक त्या शब्दातली लाइनही केव्हाच गेली. पूर्वी संगणक तारेने जोडलेला असे, म्हणून तो ‘ऑनलाइन’. आता तार नाही, शब्द आहे.

बोलीभाषेने तर या शब्दाला पुरते आपले करून टाकले आहे. अडचणीच्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या पदावरून हलवले की त्याला ‘लूप लाइनला टाकले’ म्हणतात. मूळ लूप लाइन म्हणजे मुख्य मार्गावरची गाडी पुढे जाऊ देण्यासाठी बाजूला थांबण्याचा रूळ. कचेरीतले राजकारण इतक्या नेमक्या उपमेने क्वचितच कोणी सांगितले असेल. बिघडलेल्या मुलाला ‘लाइनवर आणतात’. तरुण ‘लाइन मारतात’, आणि समोरून प्रतिसाद आला तर ती ‘लाइन देते’. इंग्रज माणसाला हे वाक्य शब्दशः सांगितले तर तो चक्रावून जाईल.

व्याकरणाने यावर शिक्कामोर्तब केले आहे. मराठीत निर्जीव परशब्दाला लिंग देताना बहुधा जवळच्या मराठी शब्दाचे लिंग लागते. रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी, तार, हद्द हे सगळे शब्द स्त्रीलिंगी. म्हणून लाइन ‘ती’ झाली. पुढे तिने मार्ग, वंश, धंदा हे पुल्लिंगी अर्थ घेतले तरी लिंग बदलले नाही. अनेकवचन ‘लाइनी’ आणि सामान्यरूप ‘लाइनीत’, ‘लाइनीने’ हे ‘वेल–वेली–वेलीत’च्या चालीवर चालते. काही जण ‘लाईन’ असा दीर्घ लिहितात, काही ‘लाइन’. हा वाद शुद्धलेखनवाल्यांचा. खिडकीपुढच्या माणसाला त्याची फिकीर नसते, त्याला एवढेच कळते की कोणीतरी लाइन मोडून पुढे घुसले आहे.